तबकडीवरचा मायरन

पर्ल झेलनिकने सोफ्यावरचं प्लास्टिकचं आवरण आधी ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि मग त्यावर कुणी बसलं तर आपल्याला किती यातना होतील ते चेहऱ्यावर स्पष्ट ठेवून म्हणाली, “बसा ना, उभे का सगळे?”

सगळे म्हणजे चार माणसं. पर्लचा नवरा इझी, जो दुकान लवकर बंद करावं लागल्यामुळे आधीच कावलेला होता. पर्लची थोरली बहीण येट्टा, जिला कुणी बोलावलं नव्हतं पण जी नसती आली तर वर्षभर ऐकवत बसली असती. मुलगा मायरन, ज्याच्यासाठी हा सगळा घाट. आणि मायरनने बरोबर आणलेली एक अनवाणी, कपाळाला पट्टी बांधलेली मुलगी, जिचं नाव तिच्या म्हणण्याप्रमाणे विलो होतं.

“विलो म्हणजे झाड ना गं?” येट्टाने विचारलं.

“हो.”

“आणि आडनाव?”

“झाडाला आडनाव नसतं,” विलो प्रेमाने म्हणाली.

“आमच्या ब्रुकलिनमध्ये असतं,” इझी म्हणाला. “नाहीतर फांद्या छाटल्याचं बिल कुणाच्या नावाने पाठवायचं?”

विलोचं खरं नाव कॉन्स्टन्स होतं. तिच्या वडिलांची कनेटिकटमध्ये बँक होती. बूट कायमचे सोडून देणं तिला परवडत होतं, कारण टॅक्सी दारापर्यंत यायची. मायरनलाही असंच नवं नाव मिळालं होतं: धूमकेतू. नाटकाच्या दिग्दर्शकाने पहिल्याच तालमीला सगळ्यांना आपापली जुनी नावं चिठ्ठ्यांवर लिहून टोपलीत टाकायला लावली होती आणि ती टोपली सगळ्यांदेखत पेटवली होती. युनियनच्या कागदांवर मात्र जुनीच नावं राहिली. युनियन धूमकेतूंना पगार देत नाही.

नाटकाचं नाव ‘ढगांना कर नाही’. त्या एकोणसत्तर सालच्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये ज्याने ते पाहिलं नव्हतं तो पाहिल्याचं सांगत होता. गिटारी, ढोल, युद्धाला शिव्या, गांजाची स्तोत्रं, आणि शेवटी अंधुक उजेडात सगळ्या टोळीने कपडे उतरवून निश्चल उभं राहणं. नटमंडळी स्वतःला नटमंडळी म्हणत नसत, टोळी म्हणत. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या ज्या थिएटरात एकेकाळी ज्यूंच्या यिद्दिश भाषेतल्या नाटकांतल्या आया मुलांनी टाकून दिलं म्हणून धाय मोकलून रडायच्या, तिथेच आता मुलं आयांना टाकून दिल्याचा आनंद गात होती. हुंदके तेच होते, फक्त बाजू बदलली होती.

पर्लने ते नाटक पाहिलं नव्हतं. ती नाटकं पाहत नसे, ऐकत असे. सिनेगॉगमधल्या पवित्र पोथीच्या कपाटानंतर तिच्या लेखी मान होता तो बैठकीच्या खोलीतल्या रेडिओग्रामला. त्याच्या पोटात ब्रॉडवेवरच्या प्रत्येक संगीत नाटकाची तबकडी ओळीने उभी होती. “बघायला जायचं म्हणजे टोपी लागते, मोजे लागतात, इझीला उठवावं लागतं,” ती म्हणायची. “ऐकायला फक्त चहा लागतो.” आणि या नाटकाच्या बाबतीत तर मायरननेच तिला अडवलं होतं. तिकिटंच मिळत नाहीत, मा. फार गोंगाट असतो, पपांचा कान दुखेल. कपडे काढतात असं ऐकलं, खरं का रे? हो, पण ते दुसरे, मा. मी मागे दिवा धरून उभा असतो.

“दिवा नीट धर,” पर्लने बजावलं होतं. “कुणाला चटका बसायला नको.”

आता तबकडी आली होती. वेष्टणावर ढगात बसलेली तीसेक केसाळ मुलंमुली. पर्लने भिंग लावून अख्खा ढग धुंडाळला आणि एका कोपऱ्यावर बोट टेकवलं.

“हा बघ माझा मायरन!”

“मा, ते नुसतं कुणाचं तरी कोपर आहे.”

“तुझंच आहे. मी ते घासून घासून मोठं केलंय.”

“कोपर चालणार नाही,” इझी खुर्चीतून म्हणाला. “आवाज. सौदा आवाजाचा झालाय.”

सौदा असा होता. ऑर्चर्ड स्ट्रीटवर इझीचं कॉर्सेटचं दुकान होतं. शहरातल्या दोन पिढ्यांच्या बायकांची पोटं त्याने आत घेतली होती. पण गेल्या दोनतीन वर्षांत पोरीबाळींनी पोटं मोकळी सोडून दिली, आणि इझी त्याबद्दल सरकारला किंवा फॅशनला नव्हे, तर थेट आपल्या मुलाच्या नाटकाला जबाबदार धरत होता. मागच्या महिन्यात त्याने मायरनला समोर बसवलं.

“हे बघ, मी अडाणी माणूस. नाटक बरं की वाईट, मला कळत नाही. पण तुझ्या आईच्या त्या कपाटात जे शिरतात ते गवई, एवढं मला कळतं. तबकडीवर तुझा आवाज असू दे. गर्दीतला नाही. ‘हा माझा मुलगा’ असं बोट ठेवून म्हणता आलं पाहिजे. तसं असेल तर दुकानाचं नाव मी पुन्हा काढणार नाही, आणि तुझ्या त्या उंदरांच्या खोलीचं भाडंही देत राहीन. नसेल, तर सोमवारी सकाळी काउंटरच्या मागे उभं राहायचं. टाय लावून.”

स्वाभिमानी बंडखोराने हा सौदा तिथल्या तिथे लाथाडला असता. पण बंडाला पगार बेताचा होता आणि खोलीचं भाडं बेताचं नव्हतं. शिवाय मायरनला भीतीच नव्हती. चंद्राच्या गाण्यात त्याच्या एकट्याच्या चार ओळी होत्या. रंगमंचावर तो त्या रोज गात होता आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशीही त्याने त्या गायल्या होत्या. नाटकांच्या तबकड्या रीतीप्रमाणे एका दिवसात उरकतात: सुट्टीचा रविवार धरायचा, सगळ्यांना स्टुडिओत कोंबायचं आणि नाटक बाटलीत भरून बूच लावायचं. त्या रविवारी आणखीही काही घडलं होतं, पण ते त्याने घरी सांगितलं नव्हतं. तयार तबकडी मात्र त्याने अजून ऐकली नव्हती. टोळीचा मालमत्तेला विरोध असल्यामुळे कुणीतरी त्याचा रेकॉर्ड प्लेयर मुक्त करून नेला होता.

पर्लने सुई टेकवली. गिटार किंचाळली. ढोल कोसळले. कपाटातल्या काचेच्या बाहुल्या थरथरल्या.

“वाद्यं लावतायत का?” येट्टाने विचारलं.

“नाही मावशी, गाणं सुरू झालंय.”

“मग लावणार कधी?”

पहिलं गाणं संपलं. इझीने तर्जनी वर केली. “हा होता?”

“नाही, पपा. ही सुरुवात आहे. सगळे मिळून गातात.”

तर्जनी खाली गेली. दुसऱ्या गाण्यात टोळी आपल्याला जगात काय काय नको ते सांगत होती. टाय नको, हजामत नको, बॉम्ब नको, फ्रिज नको, दंतवैद्य नको.

“फ्रिज का नको?” पर्ल कळवळली. “दूध कुठे ठेवता?”

“आम्ही दूध गाईकडेच ठेवतो,” विलो म्हणाली.

“सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर?” इझी म्हणाला.

“मनात.”

“मनात ठेवलं तर नासत नाही,” इझीने कबूल केलं.

“आणि दंतवैद्यांनी काय घोडं मारलंय?” येट्टा म्हणाली. तिचा जावई दंतवैद्य होता. विलोने तिच्याकडे पाहून मंद स्मित केलं. दात अतिशय सरळ होते, आणि ते सरळ करायला कुणाला तरी बरीच वर्षं लागली असणार.

पुढचं गाणं सैन्यभरतीच्या साहेबाला उद्देशून होतं. त्यात एक तरुण त्या साहेबाच्या कुळातल्या सर्व बायकांचा आणि अवयवांचा क्रमाने समाचार घेत होता. मायरनने मान खाली घातली. एवढ्यासाठी तरी आई सुई उचलेल, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर आशाच होती. टोळीतल्या प्रत्येकाने आपापल्या आईबापांना कसा धक्का दिला त्याच्या गोष्टी तो महिनोन्‌महिने ऐकत आला होता आणि त्याच्याकडे सांगण्याजोगी एकही नव्हती.

पर्ल डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. “छान म्हणतो हो मुलगा,” ती म्हणाली. “एकेक शब्द कळतो. हा तू होतास?”

“नाही, मा.”

“वाटलंच. तू शब्द खातोस.”

तबकडी उलटली. बाब्काच्या गोड पावाचे काप फिरले. चहा निवला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी इझीची तर्जनी वर जात होती आणि मायरन मान हलवत होता. मग ढोल थांबले, एक बासरी उठली, आणि मायरन ताठ बसला.

“हे,” तो म्हणाला. “आता. पपा, आता ऐका.”

इझी पुढे झुकला. पर्लने बहिणीचा हात घट्ट धरला. नायकाने चंद्राला पहिलं कडवं ऐकवलं. नायिकेने दुसरं ऐकवलं. मायरनचे ओठ आपोआप उघडले, आणि तबकडीवर सगळी टोळी एकदम कोरसमध्ये उतरली. गाणं संपलं.

“कुठे होतास?” इझीने विचारलं.

“सुई उडाली असेल. पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. सुई उडाली नव्हती. चंद्र होता, धूमकेतू नव्हता.

“अरे, तुला कुणी सांगितलं नाही?” विलोने डोळे विस्फारले. “या बाजूला जागा कमी पडत होती. शांततेला जागा करायची होती ना.”

“कशाला?” इझी म्हणाला.

“शांततेला. शेवटी आम्ही सगळे निश्चल उभे राहतो, तेव्हाची शांतता. दिग्दर्शक म्हणाले, तोच नाटकाचा आत्मा आहे, ती तबकडीवर आलीच पाहिजे. म्हणून धूमकेतूच्या ओळी काढल्या.”

इझी तिच्याकडे वळला. “म्हणजे माझ्या मुलाला काढला आणि त्याच्या जागी काहीच नाही घातलं?”

“काहीच नाही असं नाही. शांतता घातली.”

“ती युनियनची सभासद आहे?”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बाप आपल्या नाटकाबद्दल आपल्या बाजूने चिडलाय, हे मायरनच्या ध्यानात आलं. पण त्याचा उपयोग नव्हता. त्याला काउंटर दिसायला लागला होता. दिव्याखाली मांडलेली गुलाबी कॉर्सेटं, गळ्यात मापाची पट्टी, पोट सोडून उभ्या असलेल्या लठ्ठ बाया आणि त्यांना ‘अजून थोडा श्वास आत घ्या’ असं मरेपर्यंत सांगणारा मायरन झेलनिक.

इझीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सोमवारी फार लवकर नको येऊस,” तो हळू आवाजात म्हणाला. “पहिला दिवस आहे.”

“उरलेली तरी ऐकू दे,” पर्ल म्हणाली. “पैसे अख्ख्या तबकडीचे दिलेत.”

उरलं होतं ते एक गाणं आणि त्याच्या पोटातली ती शांतता. गाणं चढत गेलं, तुटलं, आणि खोलीत नुसती सुईची खरखर उरली. कुणी हललं की प्लास्टिक करकरायचं, म्हणून कुणी हलेना. सगळे मेल्यासारखे बसले होते. फक्त पर्ल पाठमोरी होऊन बाब्काचा शेवटचा तुकडा कापत होती.

“हॅ... हॅ...” कुठूनसं आलं. मग एक छोटीशी उचकी. मग “हाऽऽक्छिऊऽऽ!” आणि शेवटी दार उघडताना बिजागरी कुरकुरते तसा एक बारीक सूर.

“त्सु गेझुंट, राजा,” पर्ल मागे न वळता म्हणाली. “स्वेटर घाल.”

सगळ्यांनी मायरनकडे पाहिलं. मायरनचं तोंड बंद होतं.

“पर्ल,” इझी म्हणाला, “तू कुणाला म्हणालीस?”

“मायरनला. आत्ता शिंकला ना?”

इझी उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने सुई मागे घेतली. खरखर, खरखर, हॅ, हॅ, उचकी, हाऽऽक्छिऊऽऽ, बिजागरी. “त्सु गेझुंट,” पर्ल पुन्हा म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. आईला ते थांबवता येत नसतं. तिसऱ्या वेळी यिद्दिशमधला तो आशीर्वाद येट्टाच्याही तोंडून निसटला.

इझीची तर्जनी हळूहळू वर आली आणि रेडिओग्रामवर स्थिरावली. “हा?”

मायरनने ‘हो’ म्हटलं की सुटका होती: खोली, टोळी, मोकळा जन्म. पण ‘हो’च्या मागे तो सगळा रविवार उभा होता. दिग्दर्शक स्टुडिओत म्हणाले होते की रंगमंचावर आपण ही शांतता नागडे होऊन धरतो, तर इथेही तशीच धरली पाहिजे. कपडे घातलेली शांतता कानाला कळते. एकानेही त्यांना विचारलं नाही की ती कशी कळते. तीसजणांनी कपडे उतरवले. यंत्रं तापू नयेत म्हणून स्टुडिओ बर्फासारखा थंड ठेवला होता. काचेमागचा तंत्रज्ञ सँडविच खात होता, त्याने मान वर केली नाही.

“हो,” मायरन म्हणाला. “मीच.”

“गर्दीतला नाही,” इझी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “बोट ठेवता येतं.”

“पण एवढी शिंक का आली तुला?” येट्टाने विचारलं.

“धूळ होती, मावशी.”

“नाही, धूळ नव्हती,” विलो म्हणाली. खोटं हेही एक वस्त्रच आहे, अशी तिची श्रद्धा होती. “थंडी होती. सगळे नागडे होतो ना आम्ही. दिग्दर्शकांनी शिंक मुद्दाम ठेवली, शिंक खोटी नसते म्हणून. एका पेपरात तर समीक्षकाने लिहिलंय की हा एका पिढीच्या देहाने सत्तेला दिलेला नकार आहे.”

पर्लने सुरी खाली ठेवली. “सगळे? मायरन, तू तर दिवा धरतोस.”

मायरन उभा राहिला. ज्या क्षणासाठी माणूस घर सोडतो तो क्षण आला होता, आणि तो त्याने वाया घालवला नाही. “मा,” तो म्हणाला, “दिवा नाहीये. कधीच नव्हता. मी रोज रात्री तिथे सगळ्यांबरोबर उभा राहतो. अंगावर काही नसतं. आणि मला त्याची लाज वाटत नाही! लाज तुम्ही शिकवलीत. सत्य उघडं असतं. तुम्हाला ते सोसवणार नाही, मला माहितीये.”

बैठकीच्या खोलीत तबकडीवरच्यापेक्षा चांगली शांतता पसरली.

“पायात तरी काही घालतोस ना?” पर्लने विचारलं. “स्टेजवर खिळे असतात.”

“मा!”

“त्या थिएटरात तर फारच,” यिद्दिश रंगभूमीची सगळी वर्षं पाहिलेली येट्टा म्हणाली. “पर्ल, आठवतं? तो राजा झालेला नट पाय धरून नाचला होता. बरं, मायरन, ऐक. माझ्या महिला मंडळाचा मदतीचा खेळ ठरायचाय. दरवर्षी आम्ही एखाद्या नाटकाची रांगाच्या रांगा उचलतो. यंदा बायका म्हणत होत्या, काहीतरी आजचं दाखव. बुधवारची दुपार धरते. तू डावीकडे उभा असतोस की उजवीकडे? खांब आहेत तिथे, नंतर बायका माझ्या नावाने बोटं मोडतात.”

“मावशी, तिकिटं मिळत नाहीत.”

“मिळतात की!” विलो म्हणाली. “बुधवारी दुपारी अर्धं रिकामं असतं. हा उजवीकडे असतो, पुढच्या रांगेत.”

“उजवीकडे,” हिशेबाच्या आवाजात येट्टा म्हणाली. “मिसेस गारफिंकलना तशीही उजव्या बाजूचीच दृष्टी चांगली आहे.”

“कोण मिसेस गारफिंकल?” मायरनचा आवाज बारीक झाला. “शाळेतल्या?”

“तुला वाचायला शिकवलं त्याच. आठवण काढतात तुझी. आणि दंतवैद्यांची आई, रबाईंच्या मेहुण्या दोघी, आणि ती सेल्मा, जिच्या मुलीला तू लग्नाला नाही म्हणालास. ती तर नक्की येईल.”

मायरन खाली बसला. रोज रात्री अनोळखी माणसांनी भरलेल्या थिएटरसमोर सत्य उघडं करताना त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या सत्याकडे मिसेस गारफिंकल चष्मा पुसून बघू शकतात, हे काही त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. ती घाबरलेली नव्हती. रडत नव्हती. मोजे कुठले घालावेत याचा विचार करत होती.

“पपा,” तो हळूच म्हणाला, “दुकानात हल्ली माणसं कमी आहेत ना? मी आलो असतो. सोमवारी. मंगळवारी... बुधवारीही.”

इझीने त्याच्याकडे पाहिलं. या एका वाक्यासाठी तो मुलगा जन्मल्यापासून थांबला होता. त्याने ओठ ओले केले. एकदा रेडिओग्रामकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि एक मोठा सुस्कारा टाकला.

“नाही,” तो म्हणाला. “ऑर्चर्ड स्ट्रीटवर कुणालाही विचार, इझी झेलनिकने सौदा मोडला असं कुणी म्हणणार नाही. तू जिंकलास.”

“पण पपा, नुसती शिंक!”

“बोट कुणी ठेवलं? मी ठेवलं. आता दुकानात पाऊल टाकलंस तर हाकलून देईन.” तो येट्टाकडे नव्हे, सरळ तिच्या पर्सकडे वळला. “येट्टा, आम्हालाही दोन दे. उजवीकडची. बुधवारी दुपारी दुकान बंद ठेवतो.”

“धूमकेतू!” विलोने मायरनच्या गळ्यात हात टाकले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “तू मुक्त झालास!”

पर्ल मायरनजवळ आली, तिने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला आणि अगदी लहान आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणाली,

“एवढं ऐक माझं. बुधवारच्या आधी केस तेवढे कापून घे. चार लोक बघणार.”